हक्कसोडाची फाईल

नूतनला एवढंच हवं होतं, की एकदाची सही व्हावी आणि आपण सुटावं. दाढ काढायला खुर्चीत बसलेल्या माणसाला डॉक्टरनं "जरा थांबा हं" म्हणून चहाला निघून जावं, तसं तिचं सकाळपासून चाललं होतं. बाकावर बसली की पाय हलायचा. उठली की कुठे उभं राहावं कळायचं नाही. पाण्याची बाटली तीनदा उघडून तिनं तीनदा बंद केली, प्यायली एकदाही नाही.

जळगावच्या नोंदणी कार्यालयासमोर पत्र्याच्या दुकानांची एक रांग आहे. दस्त लिहून मिळतील, झेरॉक्स मिळेल, फोटो मिळेल. त्यातल्या समाधानच्या दुकानात ही तीन भावंडं येऊन बसली होती: थोरली प्रमिलाबाई, म्हणजे अक्का; मधला रुपचंद, त्याला नूतन भाऊ म्हणायची; आणि धाकटी नूतन. अक्का शिरपूरहून आली होती, नूतन धुळ्याहून, आणि रुपचंद गावाहून स्वतःची गाडी घेऊन. गाडीच्या मागच्या सीटवर साड्यांच्या दोन पिशव्या होत्या. त्या कुणी दाखवल्या नाहीत आणि कुणी विचारल्याही नाहीत.

धुळ्याच्या देवपुरातून निघताना नूतनचा नवरा हितेंद्र म्हणाला होता, "तुझ्या माहेरची गोष्ट आहे. मी कर म्हणणार नाही आणि नको कर म्हणूनही सांगणार नाही." भला माणूस! पण असल्या वेळी भला माणूस काय कामाचा? त्यानं काहीतरी एक ठणकावून सांगितलं असतं, तर तिला निदान भांडायला तरी कुणी मिळालं असतं.

गोष्ट तशी साधी. त्यांचे वडील, आबा, मागच्या वर्षी गेले. गिरणेकाठच्या वावराच्या सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. आता बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायचं, म्हणजे आमचा वाटा आम्ही सोडला असं सरकारदरबारी लिहून द्यायचं. रीतच आहे ती. भाऊ तोंडानं मागत नाही, बहीण तोंडानं नाही म्हणत नाही. बहिणीनं सही करायची, भावानं साडी नेसवायची, आणि पुढे जन्मभर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरचं बोलावणं येत राहायचं. आणि जी सही करत नाही, तिचं काय होतं तेही सगळ्या गावाला ठाऊक. त्यांच्याच भाऊबंदातली तानुबाई वाटा मागून बसली. वाटा मिळाला तिला, पण सख्ख्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका काही गेली नाही. हळदीच्या दिवशी ती आपल्या दारात उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्या वऱ्हाडाकडे बघत होती म्हणे.

नूतनला वाटा हवा होता का? हवा होता. हे तिनं स्वतःशीसुद्धा कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आणि माहेरही हवं होतं, त्याहून जास्त हवं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असलं ते दुखणं. म्हणून तर तिला घाई होती. सही झाली की विचार करायचं कामच उरणार नव्हतं.

आणि नेमकी फाईल उघडेना.

तसं काम फार नव्हतं. वकिलानं आठवड्यापूर्वीच मसुदा करून रुपचंदला वाचायला दिला होता. त्यात वावराचा गट नंबर चुकला होता. वकील आज दुसऱ्या तालुक्याला कोर्टात, फोन बंद. त्याच्या टायपिस्टनं मूळ फाईल समाधानच्या मोबाईलवर पाठवली, "तेवढा नंबर बदल आणि प्रिंट मार" असा निरोप टाकला, आणि तो गेला लग्नाला. लगीनसराईच होती, कोण कुणासाठी थांबतो!

समाधाननं फाईल लॅपटॉपवर घेतली, उघडली, आणि पडद्यावर सगळं भूतलिपीत आलं. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मधेच उलटं प्रश्नचिन्ह, मधेच एखादा डॉलर.

"हे काय व्हयनं?" रुपचंद वाकून बघत म्हणाला.

"काही नाही भाऊ. जुना फॉन्ट आहे वकिलाचा. विंडोजवर जुन्या वर्डमध्ये टाईप केलंय, आणि माझ्याकडे लिनक्स. दोन मिनिटं द्या."

हा समाधान म्हणजे तिशीतला, गोल चेहऱ्याचा, आणि तोंडानं कधी न थकणारा प्राणी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला आणि लोकांचे सगळे दस्त कुलूपबंद करून बसला. मुळात ती विंडोज होती चोरीची, तक्रार कुणाकडे करणार? तेव्हा कॉलेजातल्या एका मित्रानं त्याला विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. त्या दिवसापासून नवा जावई सासरवाडीचं करत नसेल इतकं हा लिनक्सचं कौतुक करायचा.

"फुकट आहे, व्हायरस नाही, कुणाच्या बापाची भीती नाही!" आताही बोटं चालवता चालवता तो सांगत होता. "वर्डच्या फाईली यात मस्त उघडतात अक्का. रोज उघडतो मी. हिचंच नशीब फुटकं."

"नकटीच्या लग्नाले सतराशे इघनं," अक्का म्हणाली आणि पदरानं वारा घ्यायला लागली.

मग सुरू झाले समाधानचे प्रयोग. आधी त्यानं एका छापखानावाल्याला फोन लावून तो फॉन्ट मागवला. फॉन्ट आला, टाकला. पडद्यावर मराठी दिसलं आणि नूतन चटकन उठून उभी राहिली. पण फॉन्ट त्याच नावाचा असला तरी वकिलाच्या फॉन्टहून नवा निघाला. मात्रा भलतीकडे, वेलांट्या भलतीकडे, 'मिळकत' शब्दाची तर पार दशा झालेली.

"असा दस्त नेला तर साहेब माझ्या तोंडावर मारेल," समाधान म्हणाला. "थांबा, वाईन काढतो."

"काय काढतोस?" अक्कानं वाराच थांबवला.

"प्रोग्राम आहे हो अक्का! लिनक्सच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर चालवायचं असलं तर लागतो तो."

"नाव तरी चांगलं ठेवानं मेलासनी."

वाईनमधून जुनं वर्ड उघडायला लागलं. निळी खिडकी आली. त्यात एक पट्टी हळूहळू भरत गेली. चौघंही त्या पट्टीकडे टक लावून बसले. नूतनच्या मनात आलं, झालं, आता होतंय, आता सही. पट्टी पूर्ण भरली, पान उघडलं, पानभर नुसते चौकोन आले आणि लॅपटॉप जागच्या जागी गोठला. माऊस हलेना की कळ दाबली जाईना.

"मर!" समाधान लॅपटॉपला म्हणाला. मग ओशाळून म्हणाला, "आपल्याला नाही हं भाऊ."

शेजारच्या भटूच्या दुकानात विंडोज होतं, पण भटूचं शटर खाली, तोही लग्नाला. पलीकडच्या दोन दुकानांत एका बिल्डरचे ग्राहक दाटीवाटीनं बसलेले. "संध्याकाळी या," त्यांनी वर न बघता सांगितलं. संध्याकाळी कार्यालय बंद होणार आणि पुढचा नंबर कधी लागेल ते देव जाणे.

रुपचंद बाहेर येरझाऱ्या घालत होता. मधेच रस्ता ओलांडून गेला आणि उसाच्या रसाचे ग्लास घेऊन आला, एक अक्काला, एक नूतनला. स्वतःला आणला नाही. "पी ले बहीन, ऊन शे," म्हणाला. हाच भाऊ. वाईट असता तर किती सोपं झालं असतं! तिला बी.ए.पर्यंत शिकवलं ते यानं. आबा म्हणाले होते, पोरीला शिकवून काय करायचं; तर हा कंपनीच्या पगारातून तिची फी भरत राहिला. त्या माणसाच्या तोंडावर कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? तिनं रस एका दमात पिऊन टाकला.

"समाधान, व्हई का रे काही?" रुपचंदनं विचारलं.

"भाऊ, आता एकच उपाय. मसुद्याचा कागद आहे ना तुमच्याकडे, वकिलानं वाचायला दिलेला?"

रुपचंदनं खिशातून घडी पडलेला कागद काढला. गट नंबरावर पेनानं काट मारलेली होती.

"मग मी नव्यानं टाईप करतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठंही उघडेल. कायमचा रोगच जाईल. फक्त कुणीतरी मला वाचून दाखवा. कागद बघत बसलो तर हात चालत नाही माझा."

रुपचंदचा चष्मा घरी राहिला होता. अक्काला सहीपुरती अक्षरं यायची. दोघांनी एकदमच नूतनकडे बघितलं.

"नूतन वाची की," रुपचंद म्हणाला. "बी.ए. व्हयेल शे ती."

आता खरं सांगायचं तर हे कागद वाचायचे नसतातच. हक्कसोड वाचून सही केली अशी बहीण आख्ख्या खान्देशात शोधून दाखवा! वकील पान उलटतो, टायपिस्ट बोट ठेवतो, "इथं करा ताई, इथं, आणि इथं," आणि झालं. त्यावर काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी उच्चारत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि इथं त्या मेल्या फाईलपायी नूतनला तो कागद मोठ्यानं, शब्द तोडून तोडून वाचायची पाळी आली.

ती समाधानच्या शेजारी स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. "हक्कसोडपत्र. लिहून घेणार, श्री. रुपचंद..." समाधानची बोटं पावसासारखी वाजायला लागली. नावं झाली, वयं झाली, गट नंबर दुरुस्त झाला, चतुःसीमा झाल्या. पूर्वेस अमुक, पश्चिमेस गिरणा नदी. तिथवर तिचा आवाज बरा होता. बाकावर अक्का मान हलवत ऐकत होती, कीर्तनाला बसल्यासारखी.

"सदर मिळकतीची मशागत व सुधारणा..." नूतन वाचत होती, "...लिहून घेणार यांनी स्वतःच्या कष्टाने केलेली असून..."

"असून," समाधान म्हणाला.

"...असून त्यात आम्हा लिहून देणार बहिणींचे कोणत्याही प्रकारचे योगदान नाही."

"योगदान नाही. पूर्णविराम. पुढे?"

पुढची ओळ कागदावर होती, दिसत होती, पण जीभ उचलत नव्हती.

"योगदान म्हंजे काय वं?" अक्कानं बाकावरून विचारलं.

"काही नही अक्का. वकिलानं लिहेल शे," रुपचंद घाईनं म्हणाला. "वाच नूतन, पुढलं वाच."

"सांग ना वं, म्हंजे काय?"

नूतननं अक्काकडे बघितलं. अक्काचे हात मांडीवर होते. त्या हातांवर अजून कापसाच्या बोंडांच्या जुन्या ओरखड्यांच्या खुणा होत्या. तिनं सांगितलं, जसंच्या तसं सांगितलं, "म्हंजे आपण दोन्ही बहिणीसनी त्या वावरमा कधी काहीच काम करं नही."

अक्का अगदी हळू म्हणाली, "काहीच नही?"

एवढंच. ओरडली असती, रडली असती, तर नूतननं तिला समजावून गप्प केलं असतं आणि पुढचं वाचलं असतं. पण ती नुसतीच विचारत होती. खरंच विचारत होती, जणू इतक्या वर्षांत आपलाच काही घोळ झाला असेल. आणि नूतनच्या डोक्यात कसली तरी तिडीक उठली. सकाळपासून हलणारा पाय थांबला.

भाऊ जळगावला वसतिगृहात आयटीआय करत होता तेव्हा कापूस कोणी वेचला? पाटाला पाणी आलं की ते वाफ्यावाफ्यात सोडायला दारं कोणी मोडली? तो पुढे कंपनीत लागला, आणि ती नोकरी सोडून शेतीकडे वळला तेव्हा नूतनचं लग्न ठरलेलं होतं. तोवर त्या वावरात होत्या त्या दोघी, आणि आबा बांधावरून हाका मारत. शाळा सुटली की दप्तर घरात टाकायचं आणि वावराकडे पळायचं. निंदणीनं नखं काळी पडायची, म्हणून वर्गात ती हात बाकाखाली ठेवायची. आणि आता हे तिनं स्वतःच्या तोंडानं वाचायचं, स्वतःच टाईप करवून घ्यायचं आणि खाली स्वतःच सही ठोकायची, की योगदान नाही. छे! वाटा सोडणं एक वेळ जमलं असतं. हे नाही जमायचं.

"पुढे ताई?" समाधाननं पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"लिही," नूतन म्हणाली. तिनं कागद मांडीवर पालथा घातला. "मागची ओळ खोड. लिही. सदर मिळकतीत प्रमिलाबाई व नूतन यांनी आपापली लग्ने होईपर्यंत निंदणी केली, कापूस वेचला, पाणी भरले."

समाधानची बोटं चालत राहिली. लिहिणाऱ्याच्या हाताला अर्थाशी घेणं नसतं. ऐकलं ते उतरवायचं.

"भरले. पूर्णविराम?"

"पूर्णविराम. सबब आम्ही आमचा हक्क सोडत नाही. पूर्णविराम."

"...सोडत नाही, पूर्ण..." आणि समाधानची बोटं हवेतच थांबली. त्यानं आधी पडद्याकडे बघितलं, मग नूतनकडे, मग हळूच रुपचंदकडे. पडद्यावर वाक्य स्वच्छ मराठीत उमटलेलं होतं, एक काना इकडचा तिकडे नाही.

"हाई काय लावं तू?" रुपचंदचा आवाज चढला. "नूतन! काय बोली ऱ्हायनी तू?"

"जे खरं शे ते."

"माणसं बघी ऱ्हायनात, जरा समज." मग त्याचं त्यालाच आवरेना. "तुमले काय कमी पडू दिधं मी? सांग ना! आखाजीले कधी चुकनू? तुना बाळंतपणले गाडी करीसन कोण उनता? याच्याचसाठी शिकाडं का तुले, आपलाच भाऊवर कागद लिखाले?"

हे तिला लागलं. लागणारच होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही. "तू शिकाडं म्हणीसन वाचता उनं माले, भाऊ," ती म्हणाली. "तू काहीच कमी पडू दिलं नाहीस. मी कधी म्हटलं तसं? पण आम्ही तिथं राबलोच नाही, असं मी लिहून देणार नाही. आणि हक्कही सोडणार नाही. मला माझा वाटा पाहिजे. मला सकाळपासून पाहिजे होता, बोलायची हिंमत नव्हती."

बोलली आणि तिला स्वतःचाच धक्का बसला. शब्द हवेत सुटले होते, आता ते परत घ्यायची सोय नव्हती. रुपचंद अक्काकडे वळला. अक्का त्याची होती. लहानपणी कडेवर घेऊन हिंडलेली, सकाळपासून 'रुपा म्हणी तसं' म्हणत आलेली.

"अक्का, तू तरी सांग तिले काही."

अक्का बाकाला हात टेकून उठली. पडद्यापाशी गेली. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तरी तिनं वाकून ती नीट बघितली, आणि समाधानला विचारलं, "हाई आत्ते लिखं ते कुठलं? कापूस येचा ते?"

"ही ओळ अक्का." त्यानं बोट ठेवलं. "तुमचं नाव आहे बघा इथं. प्रमिलाबाई."

"मनं नाव पहिलं शे?"

"हो. पहिलं."

अक्का थोडा वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मग रुपचंदकडे न बघताच म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग तसंच. माले बी तेच पाहिजे."

रुपचंदच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागापेक्षाही जास्त काहीतरी, भर बाजारात हात सुटलेल्या पोरासारखं. मसुद्याचा कागद त्यानं नूतनच्या मांडीवरून उचलला, त्याची घडी घातली, ती वाकडी आली तशी पुन्हा उलगडून घातली. मग दुकानातून उतरला आणि ताडताड गाडीकडे निघून गेला.

समाधान खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, सेव्ह करू का काढून टाकू?"

"तुझे काय व्हायचे ते पैसे घे, आणि फाईल ठेव तुझ्यापाशी," नूतन म्हणाली आणि पर्स शोधायला लागली.

"कशाचे पैसे! दस्त तर झालाच नाही," असं म्हणून तो पंख्याकडे बघत बसला.

दोघी बाहेर आल्या. ऊन अंगावर आलं. गाडी कडुलिंबाखाली उभी होती आणि रुपचंद स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. गाडी सुरू होती. तो निघून जात नव्हता आणि बोलावतही नव्हता. अक्का रस्त्याच्या कडेला थबकली. "जाई का थांबी तो?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता. "एसटीवर जाऊत का वं आपण?"

नूतनला तानुबाई आठवली, दारात उभी राहिलेली. वाटलं, धावत जावं, म्हणावं, चुकलं भाऊ, आण तो कागद, कुठं सही करू सांग. पाय खरंच तसे निघालेही होते. गाडीपाशी पोचेपर्यंत तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपण काय म्हणणार आहोत.

तिनं पुढचं दार उघडलं आणि भावाच्या शेजारी जाऊन बसली. मागं वळून अक्काला हाक मारली, "चाल ना वं, चढ. गावले वहिनी वाट पाही ऱ्हायनी व्हई."

अक्का मागच्या सीटवर साड्यांच्या पिशव्या बाजूला सारून बसली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नूतनची नजर समोरच्या काचेवर होती. त्यानं उतर म्हटलं तर? म्हटलं तरी उतरायचं नाही, असं तिनं ठरवलं, आणि सीटची कड घट्ट धरली.

रुपचंदनं गिअर टाकला, आरशात एकदा मागे बघितलं, आणि चिडक्या आवाजात म्हणाला, "दार जोरबन लाव. लागत नही ते."